ऑनलाइन झालेली कचेरी आणि जुळवणीचे ओझे

धागाकर्ता : बांधावरून

देशातील पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. म्हणजे डिजिटल शासनाचा प्रयोग आपल्याकडे सुरू झाला तो मुंबई-पुण्यात नव्हे, तर सातपुड्याच्या पायथ्याशी, आदिवासीबहुल भागात. त्यानंतर 2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला, 'आपले सरकार' संकेतस्थळ आले, 2018 मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि तो पंधरा रुपयांत मिळू लागला. यातील काही गोष्टी निर्विवाद चांगल्या झाल्या आहेत. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत चावडीसमोर अर्धा दिवस घालवणारी पिढी अजून हयात आहे आणि तिला या पंधरा रुपयांचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही गावोगावी 'ऑनलाइन' म्हटले की माणसे धास्तावतात. याचे उत्तर बहुधा निरक्षरता, नेटवर्क आणि वीज या तीन शब्दांत देऊन विषय संपवला जातो. मला ते उत्तर अपुरे वाटते. माझे म्हणणे असे आहे की सेवा ऑनलाइन करताना कचेरीचे एक मोठे काम, म्हणजे निरनिराळ्या दप्तरांतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम, गुपचूप नागरिकाच्या अंगावर ढकलले गेले आहे, आणि लोकांची खरी दमछाक तेथे होते.

याचा उत्तम दाखला आपल्याच राज्यातील दोन कर्जमाफ्यांमध्ये आहे. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. पती-पत्नी दोघांची माहिती, आधार, बँक खाते, कर्जाचा तपशील असे सारे त्यानेच पुरवायचे होते. ऐन खरिपात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या, अंगठे उमटेनात, मुदत वाढवावी लागली. आता विचार करा, कर्ज कोणाचे किती थकले आहे हे बँकेला आधीपासून ठाऊक होते. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत हा क्रम उलटा करण्यात आला. बँकांनी याद्या दिल्या, त्या गावात प्रसिद्ध झाल्या, आणि शेतकऱ्याने आपल्या नावासमोरचा विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जायचे, रक्कम बरोबर आहे की नाही ते पाहायचे आणि आधार प्रमाणीकरण करायचे, एवढेच काम त्याच्याकडे उरले. रक्कम मान्य नसल्यास जिल्हा पातळीवरील समितीकडे तक्रार करण्याची सोय होती. दोन वर्षांत शेतकरी अधिक शिकला नव्हता आणि गावातील नेटवर्कही फारसे सुधारले नव्हते. बदलली होती ती कामाची वाटणी.

याउलट आज शेतकरी ओळख क्रमांकाची स्थिती पाहा. एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारक झाला आहे आणि त्यासाठी आधारवरील नाव सातबाऱ्यावरील नावाशी जुळावे लागते. सातबाऱ्यावर 'रामा गणू', आधारवर 'रामचंद्र गणपत', बँकेत इंग्रजी आद्याक्षरे, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर चौथाच प्रकार. गावातील कोणालाही विचारले तरी ही एकच व्यक्ती आहे हे तो सांगेल. संगणकाला मात्र ते पटवून देण्याची जबाबदारी रामाची असते. लग्नानंतर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तिन्ही गोष्टी बदललेल्या स्त्रीची, आणि त्यातही माहेरच्या जमिनीत हिस्सा असलेल्या स्त्रीची, अवस्था याहून अवघड असते.

या विषयावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आणि माझ्याशी असहमत असणाऱ्यांनी विशेष करून लिहावे, अशी विनंती.

---

प्रतिसाद : कोराकागद

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. वर्तमानपत्रांत आमचा उल्लेख बहुतेक वेळा 'दलालांची नवी जात' असाच होतो, म्हणून बाजू मांडतो आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊ. छायाचित्र 160 गुणिले 200 पिक्सेल आणि 5 ते 20 केबी या मर्यादेत हवे. कागदपत्रे 75 ते 500 केबीच्या दरम्यान हवीत. वरची मर्यादा समजू शकते, पण फाइल 75 केबीहून लहान असली तरी ती नाकारली जाते हे सामान्य माणसाला कोणत्या भाषेत समजावून सांगावे? शिधापत्रिकेची पाने कुरतडलेली, शाई उडालेली. मोबाइलवर फोटो काढला तर तो चार एमबीचा होतो, तो बारीक केला तर अक्षर वाचता येत नाही, आणि अक्षर वाचता येत नाही म्हणून अर्ज 'त्रुटी' शेरा घेऊन परत येतो. ज्या संकेतस्थळावर नागरिकाने घरबसल्या अर्ज करावा अशी अपेक्षा आहे, त्यावर माझ्यासारख्या सरावलेल्या माणसालाही स्कॅनर आणि फोटो छोटा-मोठा करण्याचे सॉफ्टवेअर हाताशी ठेवल्याशिवाय काम करता येत नाही.

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा असतो आणि मुलगा चाकणला कंपनीत पाळीवर असतो. त्याला फोन लावायचा, त्याने यंत्रावरून बाजूला येऊन संदेश वाचायचा, आकडे सांगायचे, तोवर वेळ संपलेली असते. कित्येकांनी रिचार्ज न परवडल्यामुळे जुने सिम सोडून दिले आहे, त्यामुळे आधी आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घ्यावा लागतो आणि ते केंद्र रोज उघडे असतेच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) स्वतः वापरत असलेला मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे 54 टक्के आढळले होते. योजना स्त्रियांच्या नावाने आणि ओटीपी पुरुषाच्या फोनवर, हा प्रकार आम्ही रोज पाहतो.

आणि एक गोष्ट, जी आमच्या व्यवसायातील लोक सहसा उघडपणे बोलत नाहीत. पुष्कळ केंद्रांवर ग्राहकांचे लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहिलेले असतात. लोक स्वतःच आग्रह धरतात, "तुमच्याकडेच राहू द्या, आमच्या ध्यानात राहत नाही." त्यांची माहिती सुरक्षित ठेवण्याचा सारा कायदा त्या दोनशे पानी वहीपाशी येऊन थांबतो.

---

प्रतिसाद : पाऊलवाट

धागा आणि वरचा प्रतिसाद दोन्ही अभ्यासपूर्ण आहेत, परंतु जुन्या कचेरीविषयीची एक सुप्त हळहळ मला त्यांत जाणवते आणि ती मला मान्य नाही. कागदी काळात रामा आणि रामचंद्र यांची 'जुळवणी' साहेब करत असत हे खरे, पण ती ते फुकट करत होते का? ओळखीच्या माणसाचे नाव चटकन जुळत असे. दलित वस्तीतील, पारधी तांड्यावरील किंवा परगावाहून आलेल्या माणसाचे नाव वर्षानुवर्षे जुळत नसे. यंत्र सर्वांना सारखेच छळते, हा देखील एका अर्थाने न्यायच झाला. शिवाय ऑनलाइन अर्जाला क्रमांक मिळतो, तारीख मिळते, तो कोणत्या टेबलावर अडला आहे ते दिसते. 'तुमची फाइल आलीच नाही' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना या तारखेची किंमत कळेल.

पारपत्राचे उदाहरण सर्वांच्या अनुभवातील आहे. पूर्वी त्या कार्यालयाबाहेर दलालांची गर्दी असे. आज वेळ ठरवून जावे, कागद दाखवावे आणि दोन-तीन तासांत बाहेर पडावे. 2017 पासून टपाल कार्यालयांतही ही केंद्रे निघाल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी सोय झाली. तेथेही नाव जुळावेच लागते, कागदही लागतात, तरी लोक फारशी तक्रार करत नाहीत. तेव्हा दोष ऑनलाइन पद्धतीचा नसून आपल्या महसूल आणि इतर खात्यांच्या अंमलबजावणीचा आहे, असे माझे मत आहे.

---

प्रतिसाद : बांधावरून

पाऊलवाट, पारपत्राचे उदाहरण माझ्या मुद्द्याला बळच देते. तेथे अर्ज ऑनलाइन असला तरी कागद पाहण्यासाठी समोर माणूस बसलेला असतो, तो त्रुटी तोंडावर सांगतो आणि काय आणायचे तेही त्याच वेळी सांगतो. दाखल्याच्या अर्जात त्रुटीचा शेरा अनेक दिवसांनी येतो आणि तो बहुधा 'कागदपत्रे अपूर्ण' एवढाच असतो. शिवाय पारपत्र काढणारा माणूस आयुष्यात दोन-तीनदा त्या दारी जातो, तर शिधापत्रिकेवरील कुटुंबाला दर महिन्याला रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोट ठेवावे लागते. जातीवरून आणि ओळखीवरून होणाऱ्या पक्षपाताविषयी आपण लिहिले ते मात्र खरे आहे आणि त्याकडे काणाडोळा करून ही चर्चा होऊ शकत नाही. फक्त 'यंत्र सर्वांना सारखेच छळते' हे मला पटत नाही. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत ज्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, त्यांना ते अधिक छळते.

---

प्रतिसाद : चावडी

महसूल खात्यात आहे. पूर्वी तलाठी होतो, 2024 पासून आमचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले. नावाने सजाचे, म्हणजे आमच्याकडे नेमून दिलेल्या गावांचे, काम बदलले नाही.

हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरवण्याचे काम ज्या घाईत झाले ते आम्ही पाहिले आहे. कोठे बाहेरचे टंकलेखक, कोठे आमचेच लोक रात्री जागून नोंदी भरत होते. गट क्रमांक 112/2 चे क्षेत्र 112/3 ला लागले, खातेदाराच्या वडिलांचे नाव गळाले, 'इतर हक्का'तील कुळाची नोंद पुढे आलीच नाही. नंतर गावोगावी चावडी वाचन घेतले, म्हणजे नोंदी लोकांसमोर वाचून दाखवल्या, पुनर्संपादन झाले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली हजारो दुरुस्त्या झाल्या. तरीही काही चुका राहिल्या. पूर्वीची चूक लाल शाईने दुरुस्त करून तिथेच निपटत असे. आता त्याच चुकीसाठी अर्ज, अहवाल, तहसीलदारांचा आदेश, मग फेरफार अशी साखळी पूर्ण करावी लागते. गैरप्रकार रोखण्यासाठी ते आवश्यक आहे हे मी जाणतो, पण चूक शासनाच्या टंकलेखनाची आणि हेलपाटे शेतकऱ्याचे, ही गोष्ट आम्हालाही खटकते.

धागाकर्त्यांच्या एका मुद्द्यावर मात्र दुसरी बाजू मांडली पाहिजे. नोंदवण्याचे काम नागरिकाकडे देणे नेहमीच वाईट नसते. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. त्याआधीची पीक पाहणी आमच्यातील काहीजण चावडीत बसूनच 'करीत' असत, हे आता सांगायला हरकत नाही. त्यामुळे कापूस असलेल्या शेतात सोयाबीन लागे आणि विमा, पीककर्ज, हमीभावाची खरेदी या सगळ्यांत त्याचा फटका बसे. आता फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश येतात, त्यामुळे नोंद पुष्कळ खरी झाली आहे. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते, हीही चांगली सोय आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावपातळीवर सहायक नेमले आहेत. गोची होते ती मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा सगळा तालुका एकाच वेळी ॲप उघडतो आणि ते चक्र फिरतच राहते. त्या आठवड्यात माझ्या फोनवर येणारी बोलणी येथे लिहिण्यासारखी नसतात.

---

प्रतिसाद : अंगणातली

या चर्चेत कर्मचारी स्त्रियांचा अनुभव आलेला नाही, म्हणून लिहिते. आम्ही अंगणवाडी सेविका. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले होते, हे कदाचित काहींना आठवत असेल. ते फोन कमी क्षमतेचे होते, पोषण ट्रॅकरचे ॲप त्यात धड चालत नव्हते आणि ते इंग्रजीत होते. त्या वेळी 'यांना शिकायचे नाही' अशी टीका झाली. बाळाचे वजन-उंची नोंदवणे आम्हाला जड नव्हते. तेच आकडे आधी वहीत, मग ॲपमध्ये, आणि ॲप बंद पडले की पुन्हा वहीत भरणे जड होते. शासनाने कागद कधीच बंद केला नाही, त्यावर ॲप चढवले.

आता 'लाडकी बहीण'विषयी. 2024 मध्ये अर्ज भरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आम्हीच केले आणि ते निभावले, कारण बाई समोर बसलेली असे आणि आम्हाला तिचे घर माहीत असे. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, बंधनकारक झाली. तीत लाभार्थी बाईच्या आधारबरोबरच पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचे प्रमाणीकरण मागितले होते. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्या टाकलेल्या आहेत, ज्यांचा घटस्फोटाचा दावा कोर्टात पडून आहे, त्या बायकांनी कोणाचा ओटीपी आणायचा होता? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश आमच्याकडे द्यावा अशी सोय झाली आणि मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली. पण ज्या योजनेचा हेतूच अशा बायकांना आधार देणे हा आहे, तिचा नमुना तयार करताना त्या कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हत्या.

त्याच ई-केवायसीत एक प्रश्न होता. कुटुंबातील कोणी शासकीय नोकरीत नाही किंवा निवृत्तिवेतन घेत नाही, असे नकारार्थी विधान, आणि खाली 'होय' व 'नाही' असे दोन पर्याय. घरात कोणी नोकरीला नाही म्हणून बाई सरळपणे 'नाही' निवडते, आणि संगणक त्याचा अर्थ 'घरात सरकारी नोकर आहे' असा घेतो. पुढे पैसे थांबले, आणि पडताळणीसाठी यादी घेऊन घरोघरी जायची पाळी पुन्हा आमच्यावरच आली. येथे ना नेटवर्क आडवे आले, ना निरक्षरता. पदवीधर मुलींनीही तोच पर्याय निवडला होता.

---

प्रतिसाद : दर्यापार

मी सॉफ्टवेअर तपासणीच्या क्षेत्रात, सध्या परदेशात काम करतो. अंगणातली यांनी लिहिलेला प्रश्न तयार झाल्यावर, वापरात आणण्यापूर्वी पंधरा-वीस बायकांसमोर ठेवला असता तर दुपारच्या आत तो बदलला गेला असता. खासगी कंपन्या ही चाचणी हौसेने करत नाहीत. ग्राहक दुसरीकडे जाईल या भीतीने करतात. शासनाच्या संकेतस्थळाला प्रतिस्पर्धी नसतो. कंत्राटात पोर्टल कोणत्या तारखेला सुरू होणार हे असते, अर्ज पूर्ण न करताच किती माणसे मध्येच परत गेली हे मोजण्याची अट सहसा नसते. म्हणून आकडे नेहमी 'इतके लाख अर्ज प्राप्त' असेच जाहीर होतात.

दोन गोष्टी येथे नोंदवाव्याशा वाटतात. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले आणि केवायसीची प्रक्रिया अशा व्यक्तींनाही वापरता यावी यासाठी निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा असे सांगणारी पडताळणी, ज्यांना पापण्याच हलवता येत नाहीत त्यांच्यावर लादता येत नाही. ज्या तत्त्वावर तो निर्णय उभा आहे, ते झिजलेल्या बोटांनाही लागू व्हायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट बांगलादेशाची. तेथे 2010 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास युनियन परिषदांमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांमध्ये, सेवा केंद्रे सुरू झाली तेव्हा प्रत्येक केंद्रात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन चालक असावेत असे ठरवले होते. सगळीकडे ते टिकले असे नाही, पण बाईला केंद्रावर बाई भेटली पाहिजे हा विचार मुळातच केला गेला होता. कोराकागद यांनी सांगितलेल्या वहीकडे या नजरेने पाहिले तर असे दिसते की मदतनीस लागणारच आहे. त्याला चोरवाटेने काम करायला लावण्यापेक्षा, नागरिकाचा पासवर्ड न घेता त्याच्या वतीने अर्ज भरण्याची अधिकृत सोय आणि त्याची नोंद ठेवणे अधिक सुरक्षित होईल.

---

प्रतिसाद : पाऊलवाट

चर्चा वाचून माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. एक व्यावहारिक शंका विचारतो. लोकसेवा हक्क कायद्यात वेळेत सेवा न दिल्यास पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे, दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरे अपील आहे. मग इतके अर्ज अडत असताना लोक अपील का करत नाहीत?

---

प्रतिसाद : बांधावरून

कारण कायद्यातील मुदत सर्व दृष्टींनी परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. 'त्रुटी' म्हणून परत आलेला अर्ज परिपूर्ण नसतो, त्यामुळे घड्याळ सुरूच होत नाही आणि विलंब झाला असे कागदावर दिसतही नाही. रामा आणि रामचंद्र जुळेपर्यंत रामाचा हक्कच जन्माला येत नाही. काही ठिकाणी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नेमकी त्रुटी निघते, हे येथील अनेकांनी पाहिले असेल.

म्हणून माझ्या दोनच मागण्या आहेत आणि त्यांना नवे ॲप लागत नाही. त्रुटी असतील त्या सर्व एकाच वेळी, ठरावीक दिवसांच्या आत आणि मराठीत नेमकेपणाने कळवाव्यात. त्यानंतर नवी त्रुटी काढता येऊ नये. आणि जो कागद शासनाच्याच एखाद्या खात्याने दिला आहे, तो ताडून पाहण्याचे काम अर्ज घेणाऱ्या खात्याने करावे. नावात फरक आढळल्यास ग्राम महसूल अधिकाऱ्याने किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) स्थानिक चौकशीनंतर दिलेला दाखला सर्व योजनांना एकदाच चालावा. चावडी यांना विचारायचे आहे की असा दाखला देण्यात त्यांना कोणती अडचण दिसते.

---

प्रतिसाद : चावडी

दाखला देण्यास अडचण नाही, आजही 'एकच व्यक्ती' असल्याचा पंचनामा आम्ही करतो. तो एका योजनेला चालतो आणि दुसऱ्या खात्याचे पोर्टल तो जोडण्यासाठी जागाच देत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा प्रतिज्ञापत्र करायला जातो. खोट्या दाखल्याची जबाबदारी कोणावर, हे आधी शासन निर्णयात स्पष्ट व्हावे. तसे झाले तर सही करायला मी तयार आहे.